संकल्पाला कोण बसलं होतं?

माझ्या कानात जेवढी गुपितं आहेत तेवढी चेन्नईतल्या कुठल्याही वकिलाच्या कपाटात नसतील. ही फुशारकी नाही, आमच्या धंद्याची रीतच तशी आहे. डॉक्टरकडे माणूस आपलं दुखणं अर्धंमुर्धं सांगतो, वकिलाकडे सोयीपुरतं सांगतो. पण भटजी, म्हणजे इकडच्या बोलीत वाद्यार, पाटावर बसला आणि त्यानं विचारलं, "कशासाठी करायची पूजा?" की माणूस इकडेतिकडे बघतो, बायकोला कॉफी बघायला आत पाठवतो आणि खरं काय ते बोलून टाकतो. ते मला सांगायचं नसतंच. माझ्यामार्फत वर सांगायचं असतं, मी नुसता मधला.

मी पंचनदराव. घराणं तंजावरचं, आजोबांच्या वेळी मद्रासला आलेलं. आम्ही घरात जी मराठी बोलतो ती ऐकून पुण्याची मंडळी आधी हसतात आणि मग "किती गोड!" म्हणतात. दोन्हींचा मला सारखाच राग येतो. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी हा लेख मी बोललो आणि सुनेनं टाइप केला. ती नाशिकची, आयटीत आहे. माझ्या मराठीला तिनं जागोजागी इस्त्री फिरवली आहे, तेव्हा कुठे फार गुळगुळीत वाटलं तर दोष तिचा.

आता धंदा बंद आहे. मी नाही सोडला, गुडघ्यांनी सोडला. मांडी घालून बसलो की उठवायला दोन माणसं लागतात, आणि भटजीला यजमानानं उठवायचं हे काही बरं दिसत नाही.

संकल्प म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. कुठलीही पूजा, होम, शांत करायची तर सुरुवातीला देवाला पत्ता द्यावा लागतो. जंबुद्वीपापासून निघायचं आणि खाली खाली येत यजमानाच्या दारापर्यंत पोचायचं. आज तिथी कोणती, वार कोणता, पाटावर कोण बसलंय, त्याचं गोत्र, नक्षत्र, नाव, शेजारी बायको कोण, आणि हे सगळं कशासाठी. यजमान मांडीवर डावा तळवा ठेवतो, त्यावर उजवा झाकतो, आत दर्भ धरतो आणि मी सांगेन ते माझ्यामागून म्हणतो. गोत्र ठाऊक नसेल तर आम्ही शिवगोत्र म्हणून वेळ निभावतो. एकदा हे झालं की पूजा त्याची. सामान कुणी आणलं, खर्च कुणी केला, देवाला देणंघेणं नाही. मी तासभर घसा फोडतो, पण फळ त्याचं. मला दक्षिणा आणि वेष्टीचं, म्हणजे धोतराचं, पान.

वेलचेरीत उंच उंच इमारती उठल्या तेव्हा आमची चैन झाली. रोज कुणाचा तरी गृहप्रवेश. एका सोसायटीत गाय-वासरू आणलं तर गेटवरचा पोरगा म्हणाला, व्हिजिटरची नोंद ॲपवर करा, कुणाकडे आल्यात आणि किती वाजता परत जाणार. गायीचा फोटोही काढला त्यानं. दुसऱ्या एका घरात होम पेटवला आणि छताला लावलेला धुराचा भोंगा असा काही कोकलला की खालचे सगळे मजले रिकामे झाले. यजमान बंगळुरूहून मीटिंगमध्ये, फोन पाटावर ठेवलेला, आणि फोनमधून संकल्प. मी म्हटलं, "अहो, दर्भ तरी धरा." तर म्हणाला, "सामी," इकडे भटजीला तसंच म्हणतात, "चार्जरची वायर धरलीय, चालेल?"

हेतूही असे असे यायचे की संस्कृतात सांगताना नाकी नऊ यायचे. अमेरिकेचा व्हिसा लवकर मिळावा. वरचा साहेब दुसऱ्या प्रोजेक्टला जावा. मुलीचा बॉयफ्रेंड सुटावा, आणि त्याच घरातल्या मुलीनं मला जिन्यात गाठून हळूच सांगावं की सामी, तो टिकावा म्हणून पण काही म्हणा ना. मी दोन्ही म्हटलं. देवानं काय ते बघून घ्यावं.

पण हे सगळं किरकोळ. मला लोक ओळखतात ते एकाच साक्षीमुळे, तर तेच सांगतो.

आमच्याकडे एक आमदार होते. त्यांचं नाव नको. सगळे त्यांना अण्णन म्हणत, म्हणजे दादा, आणि त्यांच्या पत्नीला अण्णी, म्हणजे वहिनी. मी वयानं मोठा, तरी त्यांना अण्णन आणि त्यांच्या पत्नीला अम्मा म्हणत असे. धंद्यात वय बाजूला ठेवावं लागतं. पांढरा शर्ट, पांढरी वेष्टी, हसला की समोरच्याला आपण त्याचे सख्खे आहोत असं वाटावं असा माणूस. पक्ष देव न मानणारा. अण्णन व्यासपीठावर उभे राहिले की देवाधर्माची अशी काही सालपटं काढत की समोरच्या म्हाताऱ्या बायकाही पदर तोंडाला लावून हसत. "होमाच्या धुरानं साधा डास मरत नाही, तुमचं दारिद्र्य काय मरणार!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. टाळ्या पडत. आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्यांच्या घरी माझा गणपती होम.

मी मागच्या दारानं जात असे, स्वयंपाकघरातून. शेंडीवर टोपी, अंगात टी-शर्ट, होमाचं सामान जिमच्या बॅगेत. शेजाऱ्यांना सांगितलं होतं की मी योगाचा मास्तर. एकदा समोरच्या बाईंनी मला गेटवर थांबवून कंबरदुखीवर आसन विचारलं. मी त्यांना भिंतीला टेकून उभं राहायला सांगितलं. त्यांना गुण आला म्हणे.

मला त्यांच्या दुटप्पीपणाचा राग नव्हता, उगीच खोटं कशाला बोलू? उलट मजा वाटायची. शिवाय अण्णन मनापासून करत. मंत्र म्हणताना डोळे मिटत, पूर्णाहुती स्वतःच्या हातानं देत. मंदिराच्या ट्रस्टींपेक्षा हा नास्तिक बरा, असं मी बायकोला, अंबुजाला, सांगायचो. ती म्हणायची, "पुरे बघा तुमचा नास्तिक. डास काय म्हणतात ते विचारा त्याला."

तर वेलचेरीकडे एका तळ्याच्या काठी एका बिल्डरला इमारती बांधायच्या होत्या. काठ म्हणजे काय, तळंच ते, उन्हाळ्यात जरा मागे सरायचं एवढंच. अण्णननी कुठे कुठे शब्द टाकला, तळं कागदावरून नाहीसं झालं, आणि बिल्डरनं आभार मानले. आभार म्हणजे त्याच जागेच्या कोपऱ्यावर एक झकास मंगल कार्यालय. वातानुकूलित, खाली जेवणाचा हॉल, वधूपक्षाला आणि वरपक्षाला वेगळ्या खोल्या. आता हे स्वतःच्या नावावर घेण्याइतके अण्णन खुळे नव्हते. ते त्यांनी मुनुसामीच्या नावावर घेतलं.

मुनुसामी हा अण्णनचा शाळेतला मित्र. एन्नोरच्या कोळीवाड्यातला, समुद्रात जायची भीती म्हणून बांबूच्या धंद्यात पडलेला. अण्णनच्या सभांचे मांडव तो बांधायचा. दोरीनं बांबू असा आवळायचा की वादळात कापड उडून जाईल पण सांगाडा हलणार नाही. अण्णननी बोलावलं, सही कर म्हणाले, त्यानं केली. कशावर, हे विचारण्याची त्याला गरज वाटली नाही. ज्याच्यासाठी आयुष्यभर मांडव बांधले त्याला आणखी काय विचारायचं? राहायला एन्नोरला दोन खोल्या, पावर स्टेशनची राख रोज अंगणात पडणाऱ्या, आणि हा इकडे मंगल कार्यालयाचा मालक.

उद्घाटन थाटात होणार होतं, नऊ वाजता, बँडबाजा, बॅनर, अण्णनच्या हस्ते. पण त्याआधी, अंधारात, वास्तुहोम. पडदे ओढलेले, मोबाइल बाहेर टेबलावर ठेवलेले, आत फक्त पाच माणसं. अण्णन, अम्मा, मुनुसामी, त्याची बायको आणि मी. ठरलं असं होतं की संकल्पाला मुनुसामी आणि त्याची बायको बसतील. कागदावर मालक तेच, तेव्हा दिसायलाही तेच बरं. अण्णन मागे हात जोडून उभे राहतील, पाहुण्यासारखे.

मुनुसामी नवी वेष्टी नेसून पाटावर बसला. त्याच्या बायकोनं डोक्यात एवढी मोठी मोगऱ्याची वेणी घातली होती. मी त्याच्या हातात दर्भ दिला आणि विचारलं, "गोत्र? नक्षत्र?" तो नक्षत्र सांगणार तोच मागून अम्मांचा आवाज आला.

"सामी, थांबा. हिचं नाव घेतलं तर लक्ष्मी कुणाच्या घरी जाणार?"

मी म्हटलं, "अम्मा, जो बसला त्याची पूजा."

"म्हणजे हॉल आमचा आणि पुण्य हिचं?"

अण्णन म्हणाले, "अगं, देवाला माहीत असतं ना सगळं."

अम्मा म्हणाल्या, "देवाला माहीत असतं तर मग नाव कशाला विचारतात?"

मी दर्भ नीट करत बसलो. अण्णननी माझ्याकडे पाहिलं, अम्मांकडे पाहिलं, ओढलेल्या पडद्यांकडे पाहिलं. सब-रजिस्ट्रारला फसवायला त्यांना काही वाटलं नव्हतं, विधानसभेत तळ्याबद्दल विचारलं तेव्हा कानावर हात ठेवायलाही काही वाटलं नव्हतं. पण अग्नीसमोर खोटं नाव लागणार म्हटल्यावर त्यांना घाम फुटला. "ऊठ रे मुनुसामी," म्हणाले, आणि स्वतः पाटावर बसले. अम्मा उजव्या हाताला बसल्या. मुनुसामीची बायको भिंतीशी जाऊन उभी राहिली, वेणीसकट. मुनुसामीनं तर सुटलो म्हणून उसासाच टाकला.

शिवगोत्र, कृत्तिका नक्षत्र, अण्णनचं नाव, अम्मांचं नाव. हेतू वास्तुशांती. मी तो शब्द म्हणतोय तोच अम्मा माझ्याकडे वाकल्या आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "सामी, सुनेला मूल नाही. तेही घाला." मी घातलं. घालताना माझाही आवाज खाली आला. होम उत्तम झाला.

पुढचं सगळ्या पेपरांत येऊन गेलंय. त्या वर्षीच्या पावसात तळं आपल्या जागी परत आलं. कार्यालयात एक लग्न चालू होतं, वऱ्हाडी टेबलांवर पाय घेऊन जेवले, नवरानवरीला होडीतून काढलं. कुणीतरी व्हिडिओ काढला, तो सगळीकडे फिरला, लोक विचारू लागले की तळ्यात कार्यालय बांधायला परवानगी दिली कुणी. चौकशी लागली. बिल्डर आधी पळाला, मग सापडला, मग माफीचा साक्षीदार झाला. अण्णनना अटक झाली, जामीन मिळाला, हार घालून मिरवणूकही निघाली.

आणि मिरवणुकीच्या शेवटी अण्णन माइकवर म्हणाले, "ते कार्यालय मुनुसामीचं आहे. मी फक्त उद्घाटनाला गेलो होतो. त्यानं ते कसं बांधलं हे त्यालाच विचारा."

झालं! मुनुसामी तिसऱ्या नंबरचा आरोपी. मालक तो, कागदावर सही त्याची, अण्णनचं नाव फक्त उद्घाटनाच्या कोनशिलेवर. बिल्डर सांगत होता की आपण अण्णनना दिलं, पण पळून सापडलेल्या माणसाच्या शब्दाला वजन किती? वकील म्हणाला, हे असंच राहिलं तर मुनुसामी आत जाणार आणि एन्नोरच्या दोन खोल्याही जप्तीत जाणार.

तो माझ्याकडे आला तेव्हा बायकोलाही बरोबर घेऊन आला होता. दोघं दाराशी चपला काढून उभी. "आत या," म्हटलं तरी येईनात.

"सामी, तुम्ही बघितलं होतं ना. मी उठलो होतो ना पाटावरून?"

"उठला होतास."

"मग एवढंच सांगाल का कोर्टात? मी उठलो होतो म्हणून?"

जन्मात पहिल्यांदा मला माझ्या धंद्याचा राग आला. यजमानाचं गुपित बाहेर काढायचं नाही हे आम्हाला मुंजीपासून शिकवलेलं. वडिलांनी मला मंत्रांच्या आधी हे शिकवलं. आणि मला अण्णनची भीतीही वाटत होती, ते का लपवू? त्यांचा माणूस येऊन गेला होता, रेशमी वेष्टी आणि आंब्याची पेटी ठेवून. मग अण्णनचा फोन. आवाज नेहमीसारखाच गोड. "सामी, तुमच्या तोंडी देवाची भाषा शोभते. कोर्टाची नाही."

मी अंबुजाला विचारलं, काय करू? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "गुपित आहे म्हणता ना. कुणाचं? अण्णनचं की देवाचं? देवाचं असेल तर गप्प बसा. अण्णनचं असेल तर त्या बिचाऱ्यानं का आत जावं?" आणि वर म्हणाली, "आंबे परत करा. दोन खाल्लेत तुम्ही, तेवढे बाजारातून आणून भरा." मी भरले.

साक्षीचा माझा विचार असा ठरला. कोण बसलं ते सांगायचं, कारण ते पाच जणांनी डोळ्यांनी पाहिलेलं. कशासाठी बसलं ते सांगायचं नाही, कारण ते फक्त माझ्या कानात सांगितलेलं. वास्तुशांती तर सगळ्यांना ठाऊकच होती. त्यापलीकडे एक अक्षर नाही.

कोर्टात मी शर्ट घालून गेलो. पिंजऱ्यात उभा राहिलो तर समोर अण्णन, बाजूला मुनुसामी, आणि मागच्या बाकावर अम्मा. बारीक झाल्या होत्या. सरकारी वकिलानं विचारलं, संकल्पाला कोण बसलं होतं? मी बोट दाखवून सांगितलं. मुनुसामीनं तेवढ्यावरच हात जोडले, जणू काम झालं.

मग अण्णनचा वकील उठला. उंच, सभ्य, बोलायला फार गोड माणूस. "सामी, माझ्या अशिलानं शेकडो सभांतून सांगितलंय की देव नाही. असा माणूस होमाला बसेल?"

मी म्हटलं, "बसणारे पुष्कळ आहेत साहेब. नावं विचारू नका, तुमचीच पंचाईत होईल."

कोर्ट हसलं. मलाही जरा चढली. तिथंच मी फसलो.

"ठीक. तुमच्या शास्त्राप्रमाणे होमाचं फळ कुणाला मिळतं?"

"जो संकल्पाला बसतो त्याला."

"नक्की?"

"नक्की. मी आयुष्यभर हेच सांगत आलोय."

"संकल्पात हेतू काय होता?"

"वास्तुशांती."

"तेवढाच?"

मी शर्टाची बटणं चाचपली. न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाल्या, "साक्षीदार, उत्तर द्या."

"आणखी एक होता, बाईसाहेब. तो सांगणार नाही."

"सांगावा लागेल."

"मला काय शिक्षा द्यायची ती द्या. पण तो माझा नाही."

वकिलाला वाटलं, बरोबर जागी बोट पडलं. तो हळूच म्हणाला, "राहू द्या. मीच सांगतो काय झालं ते. त्या होमानंतर माझ्या अशिलाच्या घरी काय आलं? पूर, चौकशी, अटक. आणि मुनुसामीच्या घरी? त्याच्या मुलीला लग्नाला कितीतरी वर्षं होऊन मूल नव्हतं. होम झाला आणि वर्षाच्या आत तिला मुलगा झाला. फळ बसणाऱ्याला मिळतं, असं तुम्हीच शपथेवर सांगितलंत. मग आता सांगा सामी, संकल्पाला कोण बसलं होतं?"

अहो, मी काय बोलणार! आयुष्यभर लोकांना फळाची खात्री देत आलो, तीच माझ्या गळ्यात अडकली. कोर्टात खसखस पिकली. मुनुसामी गोंधळून इकडेतिकडे बघत होता. नातवाचं नाव निघालं म्हणून त्याला आधी हसू आलं होतं, आणि मग हळूहळू त्याच्या ध्यानात येत होतं की त्या पोराच्या जन्मानंच तो आत जाणार आहे.  

तेवढ्यात मागच्या बाकावरून अम्मा उठल्या.

"मी बसले होते!" केवढ्यानं ओरडल्या. "मी मागितलं होतं नातू! ती मागे भिंतीशी उभी होती. पाटावर मी होते, यांच्या उजव्या हाताला. माझा होम होता तो! आमचं पोर तिच्या घरी गेलं!"

"ए, गप्प बस!" अण्णन ओरडले. आरोपीच्या पिंजऱ्यातून, सगळ्यांसमोर, नवरा बायकोवर ओरडतो तसे.

पोलिसीण बाई अम्मांना हाताला धरून बाहेर घेऊन गेली. त्या जाताना रडत नव्हत्या, नुसत्या सारख्या म्हणत होत्या, "आमचं होतं ते, आमचं होतं." मला पिंजऱ्यातून उतरून त्यांच्यापाशी जावंसं वाटलं. जे मी सांगणार नाही म्हणून ताठ उभा होतो, ते त्यांनी भर कोर्टात स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. गोड बोलणाऱ्या वकिलानं फाइल मिटली आणि म्हणाला, "आणखी प्रश्न नाहीत."

अम्मांचं बोलणं साक्ष नव्हे, म्हणून ते कागदावर आलं नाही. पण न्यायाधीश बाईंनी ऐकलेलं कोण पुसणार? निकालात त्यांनी लिहिलं की भटजीची साक्ष विश्वासार्ह वाटते. बिल्डरच्या सांगण्याला त्या साक्षीनं आधार मिळाला. अण्णनना शिक्षा झाली, आमदारकी गेली. मुनुसामी सुटला.

पण पक्षानं अण्णनना काढलं ते निकालाची वाट न बघता, माझ्या साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी. तळं बुजवलं म्हणून नव्हे, कार्यालय घेतलं म्हणून नव्हे. होम केला म्हणून! पक्षाच्या तत्त्वांना काळिमा फासला, असं पत्रक निघालं. ते पत्रक काढणाऱ्या नेत्याच्या घरी पूर्वी सुदर्शन होम कुणी केला होता, हे मी सांगणार नाही. सूनबाई टाइप करताना हसतेय, पण नाहीच सांगणार.

मला वाटलं होतं, आता मोठी माणसं मला दारात उभं करणार नाहीत. काही महिने खरंच फोन बंद होते. मग एकेक सुरू झाले. "सामी, तुम्हीच ना ते कोर्टातले?" आधी विचारत, मग म्हणत, "आमच्याकडे मात्र संकल्प हळू म्हणा." चौकशी करणाऱ्या खात्यातल्या एका साहेबानंही बोलावलं, बदली टळावी म्हणून. मी म्हटला हळू.

निकालाच्या दिवशी मुनुसामी कोर्टाबाहेर कडुनिंबाखाली बसला होता. मला बघून उठला.

"सामी, म्हणजे आता मी मालक नाही ना?"

"नाहीस रे बाबा."

"लिहून आलंय?"

"आलंय."

"मग बरं," म्हणाला, आणि टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. पोटनिवडणुकीच्या सभेचा मांडव बांधायचा होता त्याला, घाईत होता.

कार्यालयाला सरकारी कुलूप लागलं. त्यानंतर एका दुपारी मला अम्मांचा फोन आला. अण्णन तुरुंगात, मुलगा-सून वेगळी राहतात, त्या भावाकडे. मी घाबरतच उचलला. वाटलं, शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सामी, एक विचारू? हॉल सरकारनं घेतला. पण तो संकल्प कुणाच्या नावावर राहिला?"

"तुमच्याच अम्मा."

"मुनुसामीच्या बायकोच्या नाही?"

"नाही. ती उभी होती. तुम्ही बसला होता. मी शपथेवर सांगितलंय."

"म्हणजे तिच्या लेकीचा मुलगा तिचा तिलाच झाला? आमच्यातलं काही गेलं नाही?"

"काही गेलं नाही. संकल्प जप्त होत नाही, अम्मा."

  मग त्या म्हणाल्या, "मग होईल अजून. आमच्या सुनेचं वय काही गेलेलं नाही."